दोरीची आळी

लव्हाळघाटाची गढी पडली, ही बातमी आळीत सगळ्यात आधी मीठवाल्याने आणली. यीन तेव्हा विहिरीवर होती. मीठवाल्याने गाडा टेकवला, घाम पुसला आणि जणू मिठाचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं.

"पडली म्हणतात. वू राजाची गलबतं नदीभर पसरली होती. आत कोणी उरलं नाही."

"सरदार?" शेजारच्या ताओ काकूंनी विचारलं. गढीचा सरदार यीनचा नवरा होता, म्हणून त्यांनीच विचारलं.

"मेले म्हणे लढता लढता." मीठवाला थांबला. समोर त्याच सरदाराची बायको उभी आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. "पण घाटावरचा एक नावाडी वेगळंच सांगतो. म्हणतो, सरदाराला हात बांधून गलबतात चढवताना पाहिलं. जिवंत."

ताओ काकूंनी आपली घागर उचलली, अर्धीच भरलेली, आणि घराकडे चालू लागल्या.

राजधानी लुओयांगच्या पूर्वेच्या तटाला चिकटून ही आळी होती. सरकारदरबारी तिला भारदस्त नाव होतं, पण तिथल्या बायका तिला दोरीची आळी म्हणत. सरहद्दीवर जो सरदार जाई, त्याची बायकापोरं आणि म्हातारी माणसं इथे आणून ठेवली जात. छळ म्हणून काही नव्हता. वेळच्या वेळी धान्य मिळे, प्रत्येक घरात माग होता, अंगणात तुतीचं झाड होतं. फक्त वेशीबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी लागे. सरदार दक्षिणेच्या वू राजाशी लढो नाहीतर पश्चिमेच्या शू राजाशी, दोरीचं एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरं इथे. कायदा एवढा सोपा होता की आळीतल्या पोरी दगडांनी खेळतानाही तो म्हणत. लढून मेला तर घराला मान, जिवंत सापडला तर घराची मान.

कोपऱ्यावरच्या घराला मागच्या हिवाळ्यापासून कुलूप होतं. तिथल्या जावा-जावा, त्यांची पाच-सहा पोरं आणि एक आंधळा सासरा एका सकाळी शिपायांबरोबर गेले. त्यांच्या अंगणातली तुती नंतर सगळ्यांनी वाटून ओरबाडली. यीननेही एक पाटी भरून आणली होती.

ती घरी आली तेव्हा सासूबाई राळे निवडत बसल्या होत्या. यीनची पाच वर्षांची लेक आ-चू त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. यीनने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, नावाड्याचंही. सासूबाईंचा हात थांबला नाही. एक खडा काढला, बाजूला ठेवला, दुसरा शोधू लागल्या.

"मेलाच असेल," त्या म्हणाल्या.

"आई!"

"मेलाच असू दे म्हणते मी." आता मात्र त्यांचा हात थांबला. "तू मनात म्हणतेस, मी तोंडाने म्हणाले. एवढाच फरक."

यीनला राग आला, कारण ते खरं होतं. विहिरीपासून घरापर्यंतच्या वाटेवर ती तेच म्हणत आली होती. मेला असू दे, देवा, सरळ एका घावात मेला असू दे. लग्न होऊन सात वर्षं झाली होती. त्यातलं निम्मं त्याने छावणीत काढलं होतं. पण तो घरी येई तेव्हा चुलीपाशी बसून तिला सैन्यातल्या गमती सांगे, आणि स्वतःच्याच विनोदावर तिच्या आधी हसे. त्या माणसाचं मरण ती मागत होती, मागताना पाय उचलत होती, घागर सावरत होती.

पुढचे दिवस वाईट गेले. आळीतल्या बायकांनी छळलं नाही, पण कुणी व्हिनेगर मागायला आलं नाही, कुणी विस्तव न्यायला आलं नाही. ताओ काकू दारावरून जाताना मोठ्याने बोलत जायच्या, म्हणजे थांबावं लागू नये. त्यांचा नवरा पश्चिमेच्या डोंगरात शू राजासमोर उभा होता. यीनला त्यांचा दोष वाटेना. कोपऱ्यावरच्या घराशी तीही अशीच वागली होती.

मग बर्फ पडल्यावर अंमलदार त्सुई आला.

हा माणूस आळीचा कारभार पाही. पोट सुटलेला, बोलका, प्रत्येक घरातल्या पोरांची टोपणनावं त्याला पाठ. लोक त्याला घाबरत आणि तो आला की खूशही होत, कारण धान्य त्याच्याच हातून येई. आज त्याने उंबऱ्याबाहेरच जोडे झटकले आणि आत आला नाही.

"थोरल्या बाई, सूनबाई, चला माझ्याबरोबर. वू वाल्यांनी प्रेतं परत दिलीत. एक प्रेत तेंग सरदारांचं चिलखत घातलेलं आहे. तोंडावर घाव आहेत, तेव्हा ओळख घरच्यांनी पटवायची."

"आणि पटली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर तेंग आन लव्हाळघाटावर लढता लढता पडले. मी तसं लिहीन, दरबार मानाचं धान्य देईल."

"आणि नाही पटली तर?"

त्सुईने तुतीच्या उघड्या फांद्यांकडे पाहिलं. "तर मग तो नावाडी आहेच," तो म्हणाला.

पूर्वेच्या वेशीजवळ सरकारी गाड्यांची मोठी पडवी होती. गाड्या बाहेर काढून प्रेतं आत ओळीने ठेवली होती. थंडीने सगळं गोठलेलं होतं, वासही नव्हता. दोन कारकून शेगडीपाशी हात शेकत उभे होते. त्सुईने एका प्रेतावरची चटई दूर केली.

चिलखत त्याचंच होतं. खांद्यावरची उसवलेली पट्टी यीनने स्वतः शिवली होती, टाका तिचा होता. तोंडाचं काही उरलं नव्हतं. तिने हात पाहिले. पंजे लहान, बोटं आखूड, नखं पोरासारखी कुरतडलेली. तेंग आनचे हात फावड्यासारखे होते. हा कुणीतरी वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता. त्याच्या अंगावर नवऱ्याचं चिलखत कसं आलं, हे यीनला पुढे कधीच कळलं नाही.

म्हणजे नावाडी खरं बोलत होता. तो जिवंत होता. तिच्या छातीत आनंदासारखं काहीतरी उसळलं आणि त्याच क्षणी तिला आ-चूची मान दिसली, राळ्याच्या पाटीशेजारी, सासूबाईंच्या मांडीवर.

"नीट बघा," त्सुई हळू आवाजात म्हणाला. "घाई नाही. तुम्ही जे सांगाल तेच मी लिहिणार. दुसरं काही विचारणार नाही."

तेवढ्यात शेजारी सासूबाईंचा आवाज फुटला. त्या गुडघ्यांवर पडल्या, त्या परक्या पोराच्या छातीवर डोकं आपटू लागल्या आणि असा हंबरडा फोडला की शेगडीपाशी उभे कारकून मागे सरकले.

"आन! माझ्या आन! आईच्या आधी गेलास रे! मला कुणाच्या भरवशावर टाकलंस?"

ते रडणं खोटं नव्हतं. यीनला नंतर कितीदा वाटलं, त्या बाईने त्या पडवीत स्वतःच्या जिवंत पोराला खरोखरच मारलं आणि खरोखरच रडली. तीही मग शेजारी बसली आणि रडली. रडणं सोपं गेलं. कारकुनाने विचारलं, "हे तुमचे यजमान तेंग आनच?" तिने मान हलवली. "तोंडाने बोला, बाई." ती म्हणाली, "होय. हेच." दोघींच्या अंगठ्यांना शाई लावली गेली.

परत येताना त्सुई त्यांच्या पुढे चालत होता. आळीच्या तोंडाशी तो थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "आता हे कायमचं झालं हं. समजतंय ना?"

समजलं होतं. तेंग आन आता कुठेही जिवंत असला, तरी त्याला घर नव्हतं.

प्रेत थाटात पुरलं. दरबाराकडून एक डुक्कर आलं, रेशमाचा तागा आला, आणि थडग्यावर नाव कोरलेला दगड. तागाची जाडीभरडी पांढरी वस्त्रं घालून त्या दोघी बसल्या आणि आख्खी आळी पाया पडून गेली. ताओ काकू सर्वांच्या आधी आल्या, सर्वांपेक्षा जास्त रडल्या, आणि यीनचा हात धरून म्हणाल्या, "सुटलीस गं बाई." मग स्वतःच्याच शब्दांना घाबरून इकडेतिकडे बघू लागल्या.

देव्हाऱ्यात तेंग आनच्या नावाची लाकडी पाटी उभी राहिली. सासूबाई रोज तिच्यापुढे राळ्याची वाटी ठेवत. एकदा यीनने त्यांना पुटपुटताना ऐकलं.

"ज्याचा असशील त्याचा अस, बाबा. तुझी आई कुठे वाट बघत असेल. हे तुझंच आहे, खा."

जिवंत माणसाला नैवेद्य दाखवणं त्यांना जमत नव्हतं. सासूबाई त्या परक्या पोरालाच जेवू घालत होत्या.

वर्षं गेली. यीनने माग सोडला नाही. आ-चूचे दात पडले, नवे आले. बापाविषयी तिला आळीने शिकवलं होतं तेवढंच माहीत. तो शूर होता, त्याचं थडगं वेशीबाहेर आहे, आणि त्याच्यामुळे आपल्याला जास्तीचं धान्य मिळतं. यीनला स्वतःला कधीकधी वाटे की पडवीत पाहिलेले हात मोठेच होते. माणसाला ज्याच्यावर जगायचं असतं, ते हळूहळू खरं वाटू लागतं.

चौथ्या वसंतात वू राजाशी तह झाला. नव्या मंत्र्याने दवंडी पिटवली की शत्रूकडून परतणाऱ्या कैद्यांना माफी आहे, कुणालाही शिक्षा होणार नाही. आळीतल्या बायका वेशीपाशी जाऊन रडून आल्या, हसून आल्या. कोपऱ्यावरच्या घराचं कुलूप तसंच गंजत होतं. यीन त्या दिवसांत बाहेर पडलीच नाही. मागावर बसे आणि धागा तोडून बसे.

"येणार नाही तो," सासूबाई म्हणाल्या. "शहाणा आहे. तिकडे ऐकलं असेल त्याने, आपण पुरलंय म्हणून."

"आणि ऐकलं नसेल तर?"

सासूबाई रेशीमकिड्यांना पाला घालायला उठल्या.

त्याने ऐकलं नव्हतं.

त्सुई सकाळीच आला, बरोबर दोन कारकून आणि एक शिपाई. त्यांच्यामागे एक माणूस अंगणात शिरला. केस निम्मे पांढरे, पुढचे दात गेलेले, डाव्या पायावर भार टाकत चालणारा. अंगणात येताच तो हसला. कुणी काही बोलण्याआधीच हसला. यीनला दुसरी ओळख लागली नाही.

"आई," तो म्हणाला.

सासूबाई मांडीवर सुपली घेऊन तुतीची पानं चिरत होत्या. सुरी चालत राहिली.

त्सुईने घसा खाकरला आणि यीनने कधी न ऐकलेल्या दरबारी आवाजात बोलायला सुरुवात केली. तो तिच्याकडे बघत होता, पण एकेक शब्द त्या माणसाच्या कानात ठोकत होता.

"हा परत आलेला कैदी म्हणतो, मी तेंग आन. त्याला माफी आहे. पण चार वर्षांपूर्वी तुम्ही दोघींनी अंगठे उठवून तेंग आनचं प्रेत ओळखलंत. मी शिक्का मारला. दरबाराने मान दिला. ती ओळख खोटी ठरली तर ती दरबाराची फसवणूक. त्याला माफी नाही. त्याची शिक्षा आख्ख्या घराला, लहान मुलांसकट. आणि शिक्का मारणाऱ्याला. तेव्हा बघा आणि सांगा."

त्या माणसाचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर राहून गेलं, पाहुणा निघून गेल्यावर पाट मांडलेला राहावा तसं. त्याने आईकडे पाहिलं, यीनकडे पाहिलं. मग त्याला दारात उभी असलेली आ-चू दिसली, आणि तो तिच्याकडे बघतच राहिला.

"ए पोरी," एक कारकून म्हणाला, "तू ओळखतेस याला?"

"नाही," आ-चू म्हणाली. "माझे बाबा लढून मेले."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या आवाजात अभिमान होता.

"थोरल्या बाई?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. "मी तुला ओळखत नाही, लेकरा," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा मी पुरला."

लेकरा. वाटेवरच्या कुठल्याही भिकाऱ्याला म्हातारी बाई लेकरा म्हणते. कारकुनांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"सूनबाई, तुम्ही?"

यीनने तोंड उघडलं. आपल्या तोंडून काय येईल ते तिला खरोखर ठाऊक नव्हतं. पण त्या माणसाने तिच्यावर ती वेळ येऊ दिली नाही. तो मटकन खाली बसला, त्सुईच्या पायांशी कपाळ टेकलं.

"चुकलो, सरकार! माझ्या डोक्यावर मार आहे, हे बघा, इथे. कधी काही आठवतं, कधी नाही. मी तेंग सरदारांच्या हाताखालचा शिपाई. त्यांचंच नाव डोक्यात बसलं."

"मग तुझं नाव काय?"

तो क्षणभर थांबला. नाव शोधत होता. "हू," तो म्हणाला. "नुसतं हू. आईबाप लहानपणीच गेले."

त्सुईने श्वास सोडला. कारकुनाने लिहून घेतलं. शिपायाने त्याला दंडाला धरून उठवलं, तेव्हा तो यीनकडे वळला.

"बाई, आलोच आहे तर सांगतो. सरदार घरची फार आठवण काढायचे."

"हो?" यीन म्हणाली.

"हो. म्हणायचे, बायको माझी रागीट आहे, पण चिलखत तिच्यासारखं कुणी शिवत नाही. मुलीचे दुधाचे दात पडले असतील का, हे तर रोज विचारायचे. आम्ही कंटाळायचो."

"पडले ना," यीन म्हणाली. "नवेही आले." आवाज सरळ ठेवायला तिने दाराची चौकट धरली. "तुम्ही सांगितलंत, बरं झालं. त्यांनी… आमच्यावर राग नव्हता ना त्यांचा?"

"राग कसला, बाई? त्यांना सगळं समजत होतं."

"चल," शिपाई म्हणाला.

"अरे, पाणी तरी घेऊ दे त्याला," ताओ काकू कुंपणापलीकडून ओरडल्या. त्या सगळं बघत होत्या. त्यांनी तेंग आनला पूर्वी कितीदा आपल्या हाताने वाढलं होतं. त्यांनीही ओळख दाखवली नाही. पण शिपाई थांबला नाही.

ओळख नसलेल्या, घर नसलेल्या सुट्या शिपायांना नदीकाठच्या सरकारी शेतांवर पाठवत. तिथे नांगर धरायचा, आणि लढाई लागली की भाला. हूला तिकडेच पाठवलं. हे यीनला धान्यवाटपाच्या दिवशी कळलं, आणि त्याच दिवशी तिच्या मनात एक गोष्ट शिरली. अशा सुट्या शिपायांना सरकार बायका देई. लढाईत उघड्या पडलेल्या विधवा गाडीत घालून नेत आणि वाटून टाकत. आळीतल्या बायका त्या गाड्यांना शिव्या घालत. यीन मात्र आता त्या गाडीची वाट बघू लागली.

तिने सासूबाईंना विचारलं नाही. सरळ त्सुईच्या कचेरीत गेली.

"सरकार, मी विधवा आहे. मला शेतांवर पाठवा. माझ्या सासूला आणि मुलीला बरोबर न्यायची परवानगी द्या. तो हू नावाचा शिपाई… त्याला घर नाही म्हणत होता."

त्सुई उठला, बाहेर कुणी आहे का पाहून आला आणि परत बसला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच म्हातारपण दिसलं.

"सूनबाई, हे मलाही सुचलं होतं. खरंच सांगतो. पण त्या गाडीत शिपायांच्या विधवा जातात. तुम्ही सरदाराची विधवा. दरबाराने तुम्हाला मान दिलाय, थडग्यावर नाव कोरलंय. त्या थडग्याची बाई नांगऱ्याच्या घरी गेली, तर वरून विचारणा होईल. का गेली? कोण तो? मग एकेक टाका उसवेल."

"मला मान नको."

"तो परत घेत नाहीत," त्सुई म्हणाला.

ती उठली. दारापाशी गेल्यावर तो मागून म्हणाला, "आणि आता उशीरही झालाय. मागच्या गाडीतली एक बाई दिली त्याला. पदरात मूल आहे तिच्या. हू चांगला माणूस आहे म्हणतात तिकडचे, नांगर उत्तम धरतो."

"बरं झालं," यीन म्हणाली.

घरी येऊन तिने चूल पेटवली, शेपूच्या पानांसारखी बारीक भाजी चिरली, आ-चूला हाक मारली. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. तो आला त्या सकाळपासून त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं. यीनने ठरवलं की सांगून टाकायचं. सांगितलं. त्सुईकडे गेले होते, काय मागितलं, काय उत्तर मिळालं, आणि त्याला बायको दिली, तिला मूल आहे.

रेशीमकिड्यांच्या टोपल्यांमधून पाला कुरतडल्याचा आवाज येत होता.

"यीन," सासूबाई शेवटी म्हणाल्या. सूनबाई नाही, पोरी नाही, नाव घेतलं. "फार वाळला होता का गं? मी वर पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर तोंडातून निघून गेलं असतं."

यीनने विस्तव सारखा केला.

"होता, आई," ती म्हणाली. "वाळला होता."

"दात?"

"पुढचे गेलेत."

"मग राळे मऊ शिजवायला हवेत त्याला," सासूबाई म्हणाल्या. "त्या बाईला कळेल का ते?"